न विचारता गेलेली पॅकेटं

“प्रत्येक पॅकेट?”

“प्रत्येक, अक्का. एकही सुटत नाही.”

“तुला विचारल्याशिवाय?”

“राउटरच्या मेंदूला विचारल्याशिवाय.” श्रेणिक हसला. “आणि तो मेंदू मी लिहिलाय. म्हणजे मलाच, असं म्हणा.”

अक्का ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर कोथिंबिरीची जुडी होती. त्या एकेक काडी निवडत राहिल्या.

सुमतीअक्का आश्रमात आल्या त्याआधी इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्किंग शिकवत. शिकवता शिकवता यंत्रंही बांधत. मग एक दिवस सगळं सोडून वेदगंगेकाठच्या या टेकडीवर येऊन राहिल्या. विद्यार्थ्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही. कुणी अडलं की टेकडी चढून यायचं, ओसरीवर बसायचं, आणि अक्का काय बोलतात याची वाट बघायची.

बऱ्याचदा त्या काही बोलतच नसत.

श्रेणिक मगदूम आणि नसीमा मुजावर एकाच वर्गातले. दोघांनी मिळून छोटी कंपनी काढली, आणि पहिला राउटर बांधला. आश्रमाच्या टेकडीवर टॉवर होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांचे फोन आणि आश्रमाच्या दवाखान्याचं मोठ्या डॉक्टरांशी चालणारं बोलणं, सगळं आता या यंत्रातून जाणार होतं.

राउटर म्हणजे वाट दाखवणारं यंत्र. आपलं चित्र, आवाज, निरोप, सगळं बारीक तुकडे होऊन प्रवास करतं. त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेट. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो. राउटर पत्ता बघतो आणि त्याला योग्य दाराने पुढे काढून देतो.

श्रेणिकच्या राउटरमध्ये पॅकेट आलं की आधी मेंदूकडे जाई. मेंदू ते उलटसुलट बघे, विचार करे, परवानगी देई. मग ते पुढे सरके.

“अक्का, बाजारातली यंत्रं आंधळी असतात,” श्रेणिक म्हणाला. “पत्ता दिसला की ढकलतात पुढे. माझं यंत्र विचार करतं.”

“हं…”

“तुम्हाला पटलं नाही?”

“कोथिंबीर चांगली आहे,” अक्का म्हणाल्या.

तो दिवस आश्रमाच्या उत्सवाचा. सकाळी भजन, दुपारी पंगत. पण या वर्षी मध्ये आणखी एक आनंद येऊन बसला होता.

भजन म्हणायच्या त्या अनुसयाबाई. त्यांची रेवती मस्कतला दिलेली. तिला मुलगी झाली होती, आणि आज तिथे बारसं होतं. अनुसयाबाईंचा गुडघा इतका दुखे की विमान राहू दे, एसटीत चढणंही अवघड. मग अक्कांनीच सुचवलं. पाळणा तिकडे हलू दे, आजी इकडून गाईल.

सभामंडपात मोठा पडदा लावला होता. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. एका रिकाम्या पाळण्याला इकडेही फुलं बांधली होती. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

“आधी जरा बघून घेऊ या का?” अनुसयाबाईंनी विचारलं. “दिसते का माझी पोर?”

नसीमाने जोडून दिलं. पडद्यावर रेवती आली. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी.

“आई! अगं बघ, हिचं नाक—”

आणि चित्र थांबलं.

रेवतीचं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. मंडपात हशा पिकला. अनुसयाबाईही हसल्या. चित्र तसंच राहिलं. हसू ओसरलं… मग अनुसयाबाईंनी पदराने चष्मा पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या.

श्रेणिक आणि नसीमा मंडपामागच्या खोलीत धावले. राउटर तिथे फळीवर होता. अक्का मागून सावकाश आल्या.

श्रेणिकने लॅपटॉप उघडला. मेंदू पूर्ण भरला होता. चित्राची पॅकेटं दारादारांत रांग लावून उभी होती, प्रत्येकाला मेंदूची परवानगी हवी होती. आणि त्या गर्दीत भलतंच एक घडलं होतं. दोन्ही बाजूंच्या टॉवरवरची यंत्रं अधूनमधून या राउटरला हाक मारतात, आहेस ना म्हणून विचारतात. मेंदूला त्या हाकेला ओ द्यायला फुरसत मिळाली नव्हती. पलीकडच्यांनी समजून घेतलं, हा गेला. त्यांनी आपापल्या वाटांमधून त्याचं नाव काढून टाकलं.

“जिवंत असून मेलेला,” नसीमा पुटपुटली.

“मोठा मेंदू घालावा लागेल,” श्रेणिक म्हणाला. “दुप्पट ताकदीचा.”

“मोठा नको, श्रेणिक. त्याचं काम कमी कर. मी किती दिवस सांगतेय. दारावरच्या चिपसाठी मी सगळं लिहून ठेवलंय, चालवून बघितलंय…”

“मी ते अजून तपासलेलं नाही.”

“तुला वेळच नाही तपासायला! माझं प्रत्येक काम तुझ्यापाशी येऊन थांबतं.” तिचा आवाज चढला नाही. तो खाली गेला. “हे आजचं झालं की मी कंपनीतून निघतेय. सकाळीच अक्कांना सांगून ठेवलंय.”

श्रेणिकने अक्कांकडे बघितलं.

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. टॉवरच्या बुंध्याशी वानरांची टोळी बसली होती.

“अक्का, तुम्हाला माहीत होतं?”

“भजनाची वेळ झाली,” अक्का म्हणाल्या. “श्रेणिक, मृदंग घे.”

“आत्ता? यंत्र बंद आहे, बारसं तोंडावर आलंय—”

“घे.”

कॉलेजात असल्यापासून श्रेणिक या मंडपात मृदंग वाजवत आला होता. हात चांगला. त्याने यंत्र बंद ठेवलं, बाहेर आला, मृदंग मांडीवर घेतला. झांजा लागल्या. अनुसयाबाईंनी डोळे मिटून सूर लावला. 

ठेका सुरू झाला. सगळे डोलायला लागले.

अक्का श्रेणिकच्या शेजारी येऊन बसल्या. त्याच्या कानाशी वाकल्या.

“प्रत्येक थापेला आधी मनाची परवानगी घे.”

“काय?”

“थाप पडण्याआधी मनात विचार. ही धा आहे ना? बरोबर आहे ना? मन हो म्हणालं की मगच हात टाक. एकही सुटता कामा नये.”

श्रेणिकने मान हलवली. यात काय मोठं, असं त्याला वाटलं.

पहिली थाप पडली. दुसरी जरा उशिरा आली. तिसरीला मनाने विचार केला तोवर झांजा पुढे निघून गेल्या. त्याने घाईने दोन थापा एकदम टाकल्या. चुकल्या. त्याला घाम फुटला. अनुसयाबाईंनी डोळे उघडून लय बदलण्यासाठी त्याला मानेने खूण केली. ती त्याला दिसलीच नाही. तो आपला मनात विचारत होता, ही धा आहे ना, ही धा आहे ना…

झांजा थांबल्या. सूर थांबला. एकटा मृदंग भलत्याच जागी वाजला, टप्प.

पुन्हा हशा.

“काय रे सोन्या,” अनुसयाबाई म्हणाल्या, “आजच शिकायला लागलास का?”

श्रेणिकचे कान लाल झाले होते. त्याने अक्कांकडे बघितलं. त्या पुढ्यातल्या झेंडूचा देठ खुडत होत्या.

“आता नको विचारूस,” त्या म्हणाल्या.

अनुसयाबाईंनी पुन्हा सूर लावला. श्रेणिकने हात सोडून दिले.

हातांना ठेका ठाऊक होता. ते वाजत राहिले, आणि मन मोकळं झालं. त्या मोकळ्या मनाला अनुसयाबाईंचा श्वास ऐकू आला. कुठे त्या थांबणार, कुठे उचलणार. त्यांनी मान हलवली, ती खूण या वेळी त्याने लांबूनच पकडली. मनाने हातांना एकदाच काहीतरी सांगितलं, आणि हात दुगुनीत, दुप्पट लयीत शिरले. झांजा त्यामागे धावल्या. मागच्या बाजूला बसलेल्या बायका उठून फुगडीला लागल्या. मंडप दणाणला.

अभंग संपला तेव्हा श्रेणिक हसत होता. नुसता हसत होता. मग हसता हसता थांबला. मृदंगावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला…

मृदंग शेजारच्याच्या मांडीवर ठेवून तो उठला.

नसीमा खोलीत आपली वायर गुंडाळत होती.

“नसीमा. तुझं ते चढव.”

“कुठलं?”

“चिपसाठी लिहिलेलं. सगळं.”

 ती लॅपटॉप त्याच्याकडे वळवायला लागली. “आधी बघून घे. शेवटच्या भागात मी जरा—”

“नको.”

“नको?”

“दाखवू नकोस. चढव.”

नसीमाच्या हातातली वायर खाली पडली. तिने उचलली नाही. ती खुर्चीत बसली आणि कामाला लागली.

तिने केलं ते असं. मेंदूने वाटा शोधायच्या, आजूबाजूच्या यंत्रांशी बोलायचं, आणि एक साधा तक्ता करायचा, कुठल्या पत्त्याला कुठलं दार. तो तक्ता दारावरच्या चिपकडे देऊन टाकायचा. मग पॅकेट आलं की चिप पत्ता बघते, तक्त्यात दार बघते, आणि पॅकेट गेलं. मेंदूला कळतही नाही. वाट बदलली तरच मेंदू तक्ता बदलतो. एक ठरवणारा आणि एक नेणारा. इंजिनिअर लोक पहिल्याला कंट्रोल प्लेन म्हणतात आणि दुसऱ्याला डेटा प्लेन. यंत्र एकच, पेटीही एकच.

“पलीकडच्या यंत्रांनाही सांगून ठेवते,” ती म्हणाली. “हा जरा वेळ गप्प झाला तर लगेच मेला समजू नका. थोडं थांबा.”

“हे मला सुचलं नव्हतं,” श्रेणिक म्हणाला.

नसीमाने वर बघितलं नाही. पण तिचा चेहरा उजळला.

राउटर सुरू झाला. पलीकडून हाका आल्या. मेंदूने लगेच ओ दिली.

मंडपात पडदा उजळला, आणि त्यात अख्खं मस्कत येऊन बसलं. रेवती, तिच्या सासूबाई, नणंद, शेजारणी, सजवलेला पाळणा. चित्र सुरळीत चालत होतं. पाळण्यातून एक मूठ वर आली, उघडली, पुन्हा मिटली.

“अगं बाई…” अनुसयाबाई म्हणाल्या.  मग त्यांनी गळा साफ केला आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली.

तिकडे रेवतीच्या नणंदेने दोरी हातात घेतली. इकडे बायकांनी रिकाम्या पाळण्याला झोका दिला. दोन्ही पाळणे एका लयीत हलायला लागले.

खोलीत श्रेणिक लॅपटॉपसमोर बसला होता. दारातून पडदा दिसत होता. मेंदूवरचा भार जवळजवळ नव्हताच. तो सारखा आकडे बघत होता. काही बिघडत नव्हतं. तरी बघत होता.

अक्का आत आल्या. राउटरपाशी गेल्या. चष्मा नाकावर सरकवला, पेटीवर बोट फिरवत एक कार्ड शोधलं, त्याच्या दोन्ही खिट्ट्या उघडल्या…

“अक्का! ते मेंदूचं कार्ड आहे!”

अक्कांनी कार्ड बाहेर ओढलं.

श्रेणिक ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. नसीमाने तोंडावर हात घेतला.

मंडपात पाळणा चालूच होता.

श्रेणिक दारात धावला. पडद्यावर बाळ जांभई देत होतं. जांभई पूर्ण झाली. अनुसयाबाईंचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. तिकडच्या बायकांनी धरलेलं ध्रुपद इकडे स्पष्ट ऐकू येत होतं. पॅकेटं येत होती, जात होती, कुणालाही न विचारता.

तो वळला. अक्का कार्ड पंख्यासारखं धरून उभ्या होत्या. हसत होत्या. कॉलेजात फळ्यापाशी हसायच्या तशा.

“चालतंय…” श्रेणिक म्हणाला.

“चालतंय.”

“मेंदू नसताना.”

“तुझ्या मेंदूने आधी नीट सांगून ठेवलंय म्हणून.”

 मग श्रेणिकला एकदम आठवलं. “पण अक्का, आता या क्षणी वाट बदलली तर? कुणाला कळणारच नाही. चिप तशीच जुन्या दाराने—”

अक्कांनी कार्ड त्याच्या हातात दिलं.

त्याने ते जपून जागेवर बसवलं. खिट्ट्या लावल्या. मेंदू जागा झाला, पलीकडच्यांना हाक मारली, ते थांबलेच होते. त्याने वाटा विचारून घेतल्या, आपला तक्ता पुन्हा पडताळून बघितला. श्रेणिक श्वास रोखून बघत होता. मंडपात कुणाला यातलं काही समजलं नाही.

आणि त्यानंतर थोड्याच वेळात छपरावर धपकन आवाज झाला.

नसीमाने खिडकीतून मान बाहेर काढली. “श्रेणिक, वानर! टॉवरवर चढलंय… डिशला लोंबकळतंय!”

दक्षिणेकडची डिश वळली. ती वाट गेली. पडद्यावरचं चित्र एकदा थरथरलं, अनुसयाबाईंचा सूर अर्ध्यात अडकला, मंडपात सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले…

मेंदू मोकळा होता. त्याला ते तिथल्या तिथे कळलं. त्याने उत्तरेकडच्या यंत्राकडे वाट विचारली, तक्त्यातलं दार बदललं, चिपच्या हाती दिलं.

चित्र चालू झालं.

“बघ!” नसीमा ओरडली. “बघ तुझा मेंदू! किती पटकन उचललं त्याने! श्रेणिक, हे तू फार सुरेख लिहिलंयस रे.”

 सकाळपासून श्रेणिकने स्वतःच स्वतःची एवढी स्तुती केली होती, आणि आता दुसऱ्या कुणी केली तर तो लाजला.

दोघं मंडपात धावले. नेमकी वेळ गाठली. पडद्यावर रेवतीची नणंद पाळण्यात वाकली होती. तिने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, आणि नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग रेवतीने पडद्याकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं.

“आई, तुझ्या नातीचं नाव वेदगंगा!”

मंडपात एकच गलका झाला. अनुसयाबाई उठल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि पडद्याला हात लावून उभ्या राहिल्या. पलीकडे बाळाने मूठ उघडली. घुगऱ्या वाटल्या गेल्या. कुणीतरी मृदंगावर नुसतीच थाप मारली. नसीमा डोळे पुसत होती आणि हसत होती.

“सकाळी मी अक्कांना काय म्हणाले…” ती श्रेणिकला म्हणाली. “तर ते—”

“तू ठरव,” श्रेणिक म्हणाला. “मला विचारू नकोस.”

“ठरवलं. राहतेय.”

मग पंगत बसली. केळीच्या पानांवर वाफाळता भात, कटाची आमटी, पुरणपोळी. श्रेणिक अक्कांच्या समोरच बसला होता. एकदोनदा त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला, राउटर बघायला. दोन्ही वेळा त्याने तो परत काढून घेतला. खोलीत परत गेलेल्या नसीमाची हाक आली नाही. यंत्राचीही आली नाही. मंडपात आता ज्याला त्याला आपापल्या लेकीशी, भावाशी बोलायचं होतं, आणि सगळे एकाच वेळी पडद्यावर, फोनवर, मोठमोठ्याने बोलत होते.

श्रेणिकने पोळीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला.

“अक्का.”

“हं.”

“आता यंत्र मला काही विचारत नाही. नसीमाही विचारत नाही. सगळं छान चाललंय…” त्याने हातातला तुकडा पानात ठेवला. “मग मी काय करू?”

अक्कांनी तुपाची वाटी उचलली. त्याच्या पोळीवर धार धरली. तो पुरे म्हणेपर्यंत धरली.

“जेव,” त्या म्हणाल्या. “मग पलीकडच्या वस्तीवर जाऊन ये… तिकडे नवी वाट झालीय म्हणतात, ती शोध.”